वाढत्या अंगाचं हेल्मेट

परदेशी जाऊन आलेल्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काय काय आणलंत?” मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन मेलबर्नला वन्संकडे जाऊन आले, आणि तिथून मी आणलं सायकलचं एक हेल्मेट. हसू नका. त्यामागची हकिकत ऐका.

आपल्या दिवाळीत तिकडे वसंत ऋतू असतो. वन्संच्या घराजवळून यारा नदी वाहते. पाणी अगदी पावसाळ्यातल्या आपल्या कृष्णामाईसारखं मातकट! पण काठाकाठानं सायकलींसाठी सुरेख रस्ता केलेला आहे. यारा बेंड नावाच्या बागेत झाडांना हजारो वटवाघळं लोंबकळत असतात. कलकलाट असा, की आठवडी बाजार भरलाय असं वाटावं.

त्या रस्त्यावर मला नवल वाटलं ते एका गोष्टीचं. पिकल्या केसांच्या आजोबांपासून पुढच्या खुर्चीवर बसवलेल्या बाळापर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. व्हिक्टोरिया राज्यात 1 जुलै 1990 पासून तसा कायदाच आहे, असं वन्संनी सांगितलं. काहींच्या हेल्मेटवर तर प्लॅस्टिकच्या पट्ट्या साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या! विचारलं तर कळलं, तिकडे मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी असतो. पिल्लांच्या दिवसांत तो सायकलवाल्यांच्या डोक्यावर झेपावतो, त्याला दूर ठेवायला ही युक्ती.

लेकीसाठी हेल्मेट घ्यायला वन्सं निघाल्या होत्या, पण त्यांना कामावर जायचं होतं. “मी आणते की,” म्हणून मी ऐटीत दुकानात गेले. आणि काय केलं असेल? आपण सगळ्या जणी करतो तेच! शाळेचा गणवेश घेतो, तसं हेल्मेट ‘वाढत्या अंगाचं’ घेतलं. चांगली दोन वर्षं जाईल, हा हिशेब.

तिसऱ्या दिवशी वळणावर बारीक खडीवरून तिची सायकल घसरली. ती तोंडावर पडली आणि हेल्मेट? ते सरकून मानेवर गेलेलं! कपाळ थेट जमिनीला लागलं. खरचटण्यावर निभावलं, पण ते रक्त पाहून माझ्या पायांतलं बळच गेलं. हेल्मेट होतं, पण ज्या क्षणी हवं त्याच क्षणी ते जागेवर नव्हतं.

संध्याकाळी वन्सं मलमपट्टी करता करता एवढंच म्हणाल्या, “वहिनी, डोकं काही फ्रॉक नव्हे, मागून टाके घालायला.” रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दुकानात गेलो. तिथे शिकलेलं तुम्हांला सांगते, लिहून ठेवा. शिवणाच्या टेपनं भुवईच्या किंचित वरून डोक्याचा घेर मोजायचा आणि त्या मापाचंच हेल्मेट घ्यायचं. ते मागे कलतं नको, सपाट बसायला हवं. भुवई आणि हेल्मेटची कड यांत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. दोन्ही पट्टे कानाखाली एकत्र यायला हवेत. हनुवटीखाली पट्ट्यात एखाद-दुसरं बोट शिरेल एवढीच सैल जागा. मग मुलाला मोठ्ठा ‘आ’ करायला सांगा. हेल्मेट किंचित खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर. आत टोपी किंवा रुमाल नको. मुलींच्या उंच पोनीमुळे हेल्मेट वर उचललं जातं, तेव्हा वेणी खाली मानेशी घाला. आतला थर्माकोलसारखा थर चेपून धक्का सोसतो, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही. आणि झोपाळ्यावर, घसरगुंडीवर खेळताना ते आठवणीनं काढायचं, पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो.

सांगलीला परत आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. गल्लीतल्या मुलांनी “बॅट कुठंय गं?” म्हणून चिडवलं. बाईसाहेबांनी हेल्मेट कोपऱ्यात फेकलं. मी शाळेतल्या बाईंच्या आवाजात समजवायला लागले, तर ती म्हणाली, “आई, तुझं कुठंय?”

मैत्रिणींनो, मी निरुत्तर झाले. मी स्कूटीवरून शाळेत जाते ती तोंडाला ओढणी गुंडाळून. हेल्मेट कपाटावर धूळ खात पडलेलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडेही दुचाकीवर बसणाऱ्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते घालणं भाग आहे, आणि मुलांना नागरिकशास्त्र शिकवते मीच! सायकलला तसा कायदा नाही, पण जमिनीला काय त्याचं?

त्याच दिवशी माझं हेल्मेट पुसून काढलं. आता किल्ली आणि दोन्ही हेल्मेटं एकाच खुंटीवर असतात. नियम एकच, कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी डोकं मोकळं नको. लेकीनं तिच्या हेल्मेटवर फुलपाखरं चिकटवली, आणि ती पाहून परवा शेजारची चिमी आईकडे हट्ट धरून बसली.

तिच्या आईनं मला विचारलं, “वाढत्या अंगाचं घेऊ का हो?” मी म्हटलं, “थांबा, टेप घेऊन येते.”