शेवटचे पाच टक्के

तबकडीच्या रिलेची स्प्रिंग केसभर फिरवायची असते आणि माझं बोट आता तिथे पोचेपर्यंत थरथरतं. त्यामुळे गेल्या हंगामापासून वाटणी झाली आहे: स्क्रूड्रायव्हर पोरानं धरायचा आणि मी खुर्चीत बसून बडबडायचं. पोरगा म्हणजे माझा शिकाऊ. लॅम रोडनं मोटारसायकलवर येतो, पाठीला लॅपटॉप. तबकडीचे रिले आता उरलेत कुठे, असं तो तोंडावर म्हणत नाही, एवढा सभ्य आहे.

देवळाली कॅम्पात राहून मला जनरेटरच्या अर्थ फॉल्टचं वेड लागलं ते एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रामुळे. 1979 ते 1981 दरम्यान तिथे 210 मेगावॉटचे तीन संच आले. त्या मापाच्या संचाचा स्टेटर 15.75 केव्हीचा. न्यूट्रल थेट जमिनीत जात नाही; मधे ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या सेकंडरीवर रेझिस्टर. एखाद्या फेजचं इन्सुलेशन फाटलं तरी करंट दहा-पंधरा अँपियरच्या आत राहावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. वाइंडिंगचा बार बदलता येतो. गाभ्याच्या पत्र्या एकमेकींत वितळल्या की महिनोन्महिने बसा.

फॉल्ट टर्मिनलला झाला तर न्यूट्रलवर नऊ हजार शंभरच्या आसपास व्होल्ट चढतात. ते मोजणाऱ्या रिलेला काही शोधावंच लागत नाही. न्यूट्रलपासून पाच टक्क्यांवर झाला तर जेमतेम साडेचारशे. त्याच्याही आत रिले आंधळा. सेटिंग खाली आणावं, तर 220 केव्हीच्या लाइनवर कुठेतरी अर्थ फॉल्ट होतो, जनरेटर ट्रान्सफॉर्मरच्या कपॅसिटन्समधून त्याचं सावट न्यूट्रलवर येतं आणि निरोगी संच ट्रिप होतो.

“तिथे व्होल्टेजच नाही, फॉल्ट होईल कशाला?” हे मी भल्याभल्यांच्या तोंडून ऐकलंय. अहो, इन्सुलेशन फक्त व्होल्टेजनं मरत नाही. कंपनानं घासतं, कूलिंगचं पाणी झिरपतं, पाचर ढिली होते. यांपैकी कुणीही आधी व्होल्ट मोजत नाही. आणि न्यूट्रलजवळ एकदा जमीन लागली की तुमचा रेझिस्टर बायपास झाला. पुढे त्याच वाइंडिंगवर वरच्या टोकाला दुसरा फॉल्ट झाला तर करंटला अडवायला कुणी नाही, आणि न्यूट्रलच जमिनीला टेकलेलं असल्यामुळे त्यावरच्या रिलेला काही दिसत नाही. वाइंडिंगच्या दोन टोकांचे करंट ताडून पाहणाऱ्या डिफरन्शिअल रिलेलाही तो सहजी दिसत नाही, कारण दोन्ही टोकांच्या करंट ट्रान्सफॉर्मरमधून करंट सारखाच जातो. ब्रेकर उघडला तरी सुटका नाही. ग्रिड तोडता येते, पण रोटर फिरतोय, त्यात चुंबकत्व उरलंय. फील्ड उतरेपर्यंत काही सेकंद मशीन स्वतःच स्वतःला जाळतं.

यावर आमच्या पिढीचा उतारा तिसऱ्या हार्मोनिकचा. मशीन चालू असलं की न्यूट्रलवर दीडशे हर्ट्झचं थोडं व्होल्टेज असतंच. तिथे जमीन लागली की ते नाहीसं होतं. म्हणजे काहीतरी दिसलं म्हणून नव्हे, दिसायचं थांबलं म्हणून ट्रिप. गोम अशी की हे व्होल्टेज लोडबरोबर वरखाली होतं, मेगावारबरोबरही होतं, आणि कमी लोडला मुळातच इतकं बारीक असतं की रिले ब्लॉक करून ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येक मशीन शून्यापासून पूर्ण लोडपर्यंत चालवून आलेख काढायचा. ते आलेख मी हातानं काढायचो. कुणी मागितला तर झेरॉक्स द्यायचो, वही कधीच नाही. कंट्रोल रूममध्ये मी आकडे सांगायला लागलो की ऑपरेटर चहाचा कप खाली ठेवायचे, आणि ते मला फार आवडायचं.

मध्यंतरी पोरानं एका मशीनला वीस हर्ट्झच्या इंजेक्शनचा रिले चढवला. बाहेरून सिग्नल सोडायचा आणि जमिनीकडे जाणारा रेझिस्टन्स मोजायचा. लोडशी संबंधच नाही. “काका, मशीन उभं असतानाच कळतं की,” तो म्हणाला. खरं होतं. मला मात्र बरं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत मी त्याच्या वायरिंगमध्ये खोट शोधत होतो. सापडली नाही.

निफाड-कोपरगाव पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत वेगळी तऱ्हा. एकाच 11 केव्ही बसवर दोन-तीन टर्बाइन असतात. सगळ्यांचे न्यूट्रल जमिनीला लावले तर त्यांच्यात हार्मोनिकचा करंट फिरतो, म्हणून एकच लावायचा. आणि नेमका तोच संच बंद पडला की बाकीचे अधांतरी. दुसऱ्याचा कॉन्टॅक्टर आपोआप लागायला हवा. कागदावर लागतो.

आणि अर्थिंगवाले! आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग कातळ. मे महिन्यात ओहम चढतात, तर हे बहाद्दर तपासणीच्या आदल्या रात्री खड्ड्यात बादल्या ओततात आणि सकाळी मीटर लावून फोटो काढतात. कॅम्पातल्या एका आरोग्यधामाच्या डिझेल सेटचा न्यूट्रल आणि बॉडी एकाच पट्टीला बांधलेले मी पाहिलेत. न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थ, बॉडीला दोन वेगळे, हे लायसन घेणारा पहिल्या आठवड्यात शिकतो. त्यावर आणखी शाई घालवत नाही.

मला छळतो तो दुसराच प्रकार. महागातला रिले घ्यायचा, शंभर टक्के संरक्षण म्हणून मिरवायचं, आणि खोटा ट्रिप नको म्हणून न्यूट्रलकडचा भाग फक्त अलार्मवर ठेवायचा. रात्रपाळीचा माणूस अलार्म दाबून गप्प करतो. वीस हर्ट्झ असो की दीडशे, तो ट्रिपला जोडलेला नसेल तर त्या रिपोर्टवर मी सही करत नाही, आणि पोरालाही करू देत नाही.