डोळ्यांना शुद्ध दिसणारे दूध

पाणी गाळल्यावाचून वापरू नये, हा संस्कार जैन घरातील मुलावर अक्षरओळखीच्याही आधी होतो. जे डोळ्यांना दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, असे धरून चालू नये, हा त्यामागील विवेक. हाच विवेक अगदी निराळ्या वाटेने एका अमेरिकी विदुषीच्या जीवनकार्याचा आधार ठरला. त्या विदुषी म्हणजे जीवाणुशास्त्रज्ञ ॲलिस कॅथरीन इव्हान्स.

त्यांचा जन्म २९ जानेवारी १८८१ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च झेपणारा नसल्याने त्यांनी चार वर्षे शाळेत अध्यापन केले. पुढे कॉर्नेल विद्यापीठाने ग्रामीण शिक्षकांसाठी चालविलेल्या विनाशुल्क वर्गात त्यांना विज्ञानाची गोडी लागली. १९०९ मध्ये पदवी आणि १९१० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळवून त्या केंद्रीय कृषी खात्याच्या दुग्ध विभागात रुजू झाल्या. डॉक्टरेट त्यांनी केली नाही.

नुकत्याच काढलेल्या दुधात कोणते जीवाणू असतात, याचा अभ्यास त्यांच्याकडे आला. माल्टा बेटावर शेळीच्या दुधातून माणसांना एक चिवट ताप येतो आणि तो लाटांप्रमाणे चढतो-उतरतो, हे तोवर ज्ञात झाले होते. त्याचा जीवाणू डेव्हिड ब्रूस यांनी शोधला होता. गाई गाभडण्याच्या रोगाचा जीवाणू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये शोधला होता. एकाची नोंद गोलाकार म्हणून, तर दुसऱ्याची दंडाकार म्हणून झालेली. त्यामुळे दोघांना शेजारी ठेवून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. ॲलिसबाईंनी ते काम केले. दोन्ही जीवाणू अत्यंत निकटचे असून नेहमीच्या तपासणीत त्यांत भेद करणेही कठीण, असे त्यांना आढळले. शिवाय वरून निरोगी दिसणाऱ्या गाईच्या दुधातही हा जीवाणू असू शकत होता. हे निष्कर्ष त्यांनी १९१७ मध्ये मांडले आणि १९१८ मध्ये प्रसिद्ध केले. कच्चे दूध माणसाला धोक्याचे ठरू शकते, ते तापवूनच वापरावे, हा त्याचा सरळ अर्थ होता.

हा अर्थ कोणालाच रुचला नाही. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने शंका घेतली की, असे असते तर दूध पिणारी इतकी माणसे आजारी कशी पडत नाहीत? दूधव्यवसायातून तर असा आरोप झाला की, दूध तापविण्याची यंत्रे बनविणाऱ्यांशी या बाईंचे संगनमत आहे. वस्तुतः रुग्ण होतेच. पण त्यांच्या तापाला दुसऱ्याच रोगांची नावे दिली जात होती.

१९२२ मध्ये संशोधन करतानाच ॲलिसबाईंना त्या जीवाणूची बाधा झाली. ताप उतरे, पुन्हा चढे. काही वैद्यांनी तो मनाचा अशक्तपणा ठरविला. ज्या रोगाविषयी त्या जगाला सावध करीत होत्या, तो स्वतःला झाला आहे हेही त्यांना पटवून द्यावे लागले. सुमारे दोन दशके या दुखण्याने त्यांची पाठ सोडली नाही. तरी प्रयोगशाळा त्यांनी सोडली नाही. दरम्यान इतर संशोधकांनी त्यांच्या निष्कर्षांना पुष्टी दिली. १९२८ मध्ये त्या अमेरिकी जीवाणुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९३० नंतरच्या दशकात पाश्चरीकरण अमेरिकेत सर्वत्र रूढ होत गेले. ६३ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, एवढ्या उष्णतेने तो धोका टळतो. १९४५ मध्ये निवृत्त झालेल्या ॲलिसबाई १९७५ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी निवर्तल्या.

त्या काळचे सारेच दूधव्यावसायिक अप्रामाणिक होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी दुधात पाणी घातले नसेल, मापही चोख दिले असेल. परंतु विक्रेत्याचा हेतू शुद्ध असणे आणि त्याचा माल शुद्ध असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे येतात, तसाच ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे चांगल्या मालात हलक्याची भेसळ, हाही येतो. हे दोष टाळणारा व्यापारी निश्चिंत असतो. पण कोणी प्रमाण हाती देऊन मालातील दोष दाखविला आणि तो पाहण्याचेच त्याने नाकारले, तर त्या क्षणापासून त्याचे अज्ञान निर्दोष राहत नाही. दोष दाखविणाऱ्याचा हेतू तपासण्याआधी आपला माल तपासणे, हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाचे पहिले कर्तव्य होय. ॲलिसबाईंना त्यांच्या समकालीनांकडून याहून अधिक काहीच नको होते.