पाणलाव्याची जागा

एप्रिलमधला रविवार. मी दूध तापवत होतो आणि अमेरिकेतून, मिसुरीहून, भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे अजून शनिवारची रात्र होती. "मामा, पहाटे चारपासून रानात बसलो होतो. टर्की दिसणं सोड, साधा आवाजही नाही."

याचे वडील, म्हणजे आमचे भावोजी, अंडं घातलेला केकसुद्धा खात नसत. त्यांचा मुलगा खांद्याला बंदूक लावून जंगली कोंबड्यासारख्या पाखराच्या मागे फिरतो, याची मला आता सवय झाली आहे. त्याचं दुखणं मात्र नवीन होतं. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीत तो जायचा ती विकली गेली, आणि आता तो सरकारी जमीन शोधत होता. तिकडे फोनवरच्या नकाशात जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणाच्या मालकीचा ते दिसतं. सार्वजनिक रानात वसंतातली शिकार दुपारी एकला थांबवायची. खाजगी जमिनीवर सूर्यास्तापर्यंत मुभा. अख्ख्या हंगामात दोनच नर मारायचे. आणि पाखरं कमी झालेली, त्यामुळे सरकारी रानात पाखरांपेक्षा शिकारी जास्त.

"तुला काय सांगू," मी म्हटलं, "मलाही इथे जागा सापडत नाहीये." तो हसला. त्याला वाटलं मी पार्किंगबद्दल बोलतोय.

मी शिकारी नाही. दुर्बीण घेऊन फिरणारा निवृत्त माणूस आहे. पण पाखरू बघायला लागणारी जागा आणि पाखरू मारायला लागणारी जागा एकच असते, हे मला फार उशिरा कळलं. थोडं पाणी, थोडा चिखल, गवत, आणि 'इथे काय करताय?' असं विचारणारं कोणी नाही.

मीरा रोडला आम्ही १९८४ साली आलो. गिरगावातल्या चाळीतून इथे म्हणजे काळ्या पाण्यावर, असं नातेवाईक म्हणायचे. स्टेशनच्या पूर्वेला चार इमारती आणि त्यांच्या मागे भाताची खाचरं, मग खाजण, मग मिठागरं. पाऊस ओसरला की ओल्या खाचरांतून पाणलावे उडायचे. पाणलावा म्हणजे इंग्रजांचा 'स्नाइप'. पायाशी येईपर्यंत हलत नाही, आणि मग अशा वेड्यावाकड्या झोकांड्या देत सुटतो की नेमबाजाची परीक्षाच. 'स्नायपर' हा शब्द या चिमुकल्या पाखरावरून आला. आमच्या चाळीतले पोस्टात नोकरी करणारे एक गृहस्थ साठच्या दशकात रविवारी पहाटेची विरार लोकल पकडून दुनळी घेऊन भाईंदरला उतरायचे, ते याच पाखरासाठी. संध्याकाळी पिशवीतून चार-पाच पाणलावे निघायचे आणि जिन्यात मसाल्याचा वास सुटायचा. आम्हा पोरांना त्यांचा तिरस्कारही वाटे आणि हेवाही.

पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तरीही परवाना काढून काही शिकार करता येई. १९९१च्या दुरुस्तीनं तीही वाट बंद केली. ठीकच झालं. मला बंदुकीचा कळवळा नाही. पण बंदूक थांबली त्याच वर्षांत आमच्या मागच्या खाचरांवर डंपर यायला लागले. १९९१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २००१ला सव्वापाच लाखांजवळ, २०११ला आठ लाख नऊ हजार. या आकड्यांत मीही आहे, तेव्हा डंपरांवर फार तोंडसुख घ्यायचा मला हक्क नाही. माझं स्वयंपाकघर कोणाच्या तरी खाचरावर उभं आहे. पण पोस्टातल्या त्या गृहस्थांनी जन्मभरात जेवढे पाणलावे मारले असतील, त्याहून अधिक पाणलाव्यांचं रान एका पावसाळ्यातल्या भरावानं संपवलं. त्याला शिकार म्हणत नाहीत, त्यासाठी कोणाला परवाना मागत नाहीत, हंगाम पाळावा लागत नाही, आणि दुपारी एकला थांबायची अटही नाही.

नवघरचे एक आगरी काका आहेत, ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी मिठागरावर राबलेले. त्यांना मी विचारलं, एवढी पाखरं गेली कुठे? म्हणाले, "जातील कुठं, बाला? बांध फुटला, उघाडी बुजली, मीठ पिकवनं सुटलं. पाखरांना बी कामाची जागा लागते."

कामाची जागा! चालू मिठागरात उघाडीनं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारानं, पाणी राखलेलं असतं, कुठे वीतभर, कुठे घोट्याएवढं, आणि शेकाटे, तुतवार, चिखले या चिखलात चरणाऱ्या मंडळींना तेच हवं असतं. मिठागर बंद पडून भरतीचं पाणी मोकळं शिरलं की तिवरं चढतात. तिवरांना न्यायालयाचं संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली त्यांच्या तोडीला मनाई केली, म्हणूनच लोकलच्या खिडकीतून आजही हिरवं काही दिसतं. त्याबद्दल दोन्ही हात जोडतो. पण खाचराला, गवताला, उघड्या चिखलाला असा कोणी वाली नाही. कागदावर ती पडीक जमीन. मिठागराची बरीच जमीन केंद्र सरकारची, म्हणजे सार्वजनिकच. आणि सार्वजनिक म्हणजे कधीतरी कशाला तरी उपयोगी पडेल अशी शिल्लक, हा आपला हिशोब. २०२४मध्ये धारावीच्या पुनर्वसनासाठी मुंबईतल्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन द्यायचं ठरलं तेव्हा, माणसांना घरं नकोत का, असा बिनतोड प्रश्न होताच. तो मलाही निरुत्तर करतो.

भाच्याच्या देशाचा हिशोब वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे जंगली टर्की दोनेक लाखांवर आली होती. मिसुरीनं १९३७ला शिकार बंद केली ती थेट १९६०ला उघडली. लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे आणि १९३७ सालच्याच कायद्यानं तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना जातो. शिवाय मिसुरीच्या लोकांनी १९७६ साली मतदान करून स्वतःवरच विक्रीकर लावून घेतला: आठशे डॉलरच्या खरेदीमागे एक डॉलर रानासाठी. शाकाहारी माणूसही तो भरतो. देशभरात टर्की सत्तर लाखांजवळ गेली, आणि आता पुन्हा उतरते आहे. म्हणजे त्यांनाही सगळं जमलेलं नाही. पण पाखरासाठी जमीन लागते आणि जमिनीला पैसे लागतात, हे त्यांनी एकदा कबूल करून टाकलं आहे.

आपल्याकडे हे राजेलोकांना कळलं होतं, अर्थात स्वतःच्या चैनीपुरतं. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पाखरं पाडली. अंगावर शहारा येतो. पण बदकं मारायची म्हणून महाराजांनी ते पाणी राखलं, आणि आज तेच केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. कोल्हापूरकरांचं दाजीपूरचं शिकारीचं रानही असंच अभयारण्य झालं. उलट, आपला माळढोक घ्या. टर्कीशी तुलना करावी असं आपलं जमिनीवरचं मोठं पाखरू. त्याच्यासाठी सोलापूर-नगरकडे १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात शेतं, गावं सगळं आलं. लोकांना आपल्याच जमिनीचे व्यवहार अवघड झाले, पुढे ते १,२२२ वर आणावं लागलं, आणि त्यातल्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसला तर आता त्याची बातमी होते. मला वाटतं, कागदावरच्या आठ हजारांपेक्षा खरोखर राखलेलं आठशे एकर गवत त्याला पुरलं असतं. तज्ज्ञ रागावतील, रागावोत.

भरतपूरची आणखी एक गोष्ट मला छळते. तिथे दगडावर कोरून ठेवलंय, कोणत्या दिवशी, कोणाच्या मानार्थ, किती पाखरं मारली. निर्लज्ज नोंद, पण नोंद. तिच्यावरून कळतं की पाणी होतं आणि एवढी पाखरं होती. मीरा रोडच्या खाचरांची अशी नोंद कुठे आहे? पोस्टातल्या गृहस्थांनी वही ठेवली नाही. मी तर तेव्हा सकाळी ७:४२च्या लोकलच्या मागे होतो.

परवा कपाट आवरताना मुलाच्या पाचव्या वाढदिवसाचा फोटो सापडला. गच्चीवर काढलेला. पुढे कागदी टोप्या घातलेली पोरं, आणि मागे, कठड्यापलीकडे, चकचकीत पाण्याचे चौकोन क्षितिजापर्यंत. भिंगातून बघितलं तर त्यांत पांढरे ठिपके. बगळे असतील, शेकाटेही असतील. फोटोमागे बायकोच्या अक्षरात तारीख आहे.

तुम्ही मीरा रोड-भाईंदरला ऐंशी-नव्वदच्या दशकात राहायला आला असाल, तर तुमच्याही अल्बमात असा एखादा फोटो असेल. बारसं, डोहाळजेवण, नवी स्कूटर, काहीही. फेकू नका. मागे काय दिसतं ते नीट बघा, आणि फोटोच्या पाठीवर जागा आणि वर्ष लिहून ठेवा.