रीडिंगची रांग

भोसरी एमआयडीसीतून चाकणच्या प्लांटला आलो तेव्हा मला मिनिटॅब हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर येत होतं, म्हणजे मेनू पाठ होते. त्यातल्या आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही, हे मला आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी शिकवलं. डिप्लोमा करून स्टँडर्ड रूममध्ये लागलेला माणूस. उमेदवारी आलेखाच्या कागदावर झालेली. पाच रीडिंगच्या सबग्रुपचा २.३२६ हा स्थिरांक ते घरच्या फोन नंबरासारखा सांगायचे.

एकदा एका वेंडरचा पीपॅप, म्हणजे पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं, आला. ग्राइंडिंग केलेला शाफ्ट, पन्नास रीडिंग, प्रक्रियेच्या क्षमतेचा निर्देशांक सीपीके सहाच्या घरात. ग्राहकाला १.६७ पुरणार होता, त्यामुळे ऑफिसात सगळे खूश. साहेबांनी बोट ठेवलं ते त्याच्या जोडीच्या पीपीकेवर. तो जेमतेम १.१. "एवढी तफावत कशी? कॉलम उघड."

उघडला. सगळ्यांत लहान रीडिंग वर, सगळ्यांत मोठं तळाला. कुणीतरी एक्सेलमध्ये चढत्या क्रमाने लावून मग पेस्ट केलं होतं. सारखे आकडे शेजारी आले की सबग्रुपच्या आतला फरक आक्रसतो, आणि सीपीके त्याच फरकावर निघतो. पीपीके पन्नासांचा पसारा एकत्र धरतो, त्याला क्रमाशी देणंघेणं नाही. म्हणून तो फसला नव्हता.

"जॉब ज्या क्रमाने उतरला त्याच क्रमाने भर," ते म्हणाले. "व्हील झिजतं, ड्रेसिंग होतं, ते त्या रांगेतच दिसतं. लावून टाकलंस तर चार्ट बिचारा काय दाखवणार?" शूहार्टने १९२४ साली पहिला कंट्रोल चार्ट मांडला, तोही काळाच्या ओघात काय बदललं ते दिसावं म्हणूनच. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. कळलं त्या शाफ्टवर.

सीपीकेआधी ते गेज आर अँड आर मागायचे. दहा जॉब, तीन माणसं. मापनातली चूक तीस टक्क्यांपुढे गेली की पुढचं काही बघायचेच नाहीत. मायक्रोमीटरच डळमळीत असेल तर सॉफ्टवेअरने काय करावं?

आयटीच्या पोरांनाही त्यांनी शिस्त लावली. आमच्याकडे मिनिटॅबची लायसन्स मोजकी, सर्व्हरवरून वाटून वापरायची. कुणी प्रोग्राम उघडा ठेवून चहाला गेला की दुसऱ्याचं काम अडलं. साहेबांनी ठरवून दिलं: रिकामं पडलेलं लायसन्स ठरावीक वेळाने आपोआप सुटलं पाहिजे, आणि ऑडिटच्या महिन्यात नवं व्हर्जन टाकायचं नाही. टाकायचंच तर गुरुवारच्या सुट्टीत, आणि आधी त्यांची एक जुनी फाईल चालवून. तिचं उत्तर त्यांनी कॅल्क्युलेटरवर काढून ठेवलेलं. त्यात एक मेख आहे: मिनिटॅब सबग्रुपसाठी मुळात पूल्ड प्रमाण विचलन धरतं, हाताचं उत्तर आर-बारचं, म्हणजे सबग्रुपच्या सरासरी रेंजवरचं. सेटिंगमध्ये आर-बार निवडल्याशिवाय दोन्ही जुळत नाहीत, आणि नवा माणूस सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून बोंब मारतो.

साहेब निवृत्त झाले. व्हर्जन बदललं की आजही मी ती फाईल चालवतो आणि त्यांना फोन करतो. गेल्या वेळी सांगितलं, "उत्तर जुळलं, साहेब."

"कितव्या दशांशापर्यंत?"

"चौथ्या."

"मी तिसऱ्यापर्यंतच काढलं होतं. चौथा कुठून आणलास?"