वारसा आणि माटोळी

गेल्या चवथीला माटोळी बांधता बांधता आम्हा बापलेकांत वाद जुंपला. विषय काय, तर ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग! मुलगा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मी आर्ट्सचा पदवीधर, सरकारी कारकून. पण पोर काय शिकतो ते कळावं म्हणून त्याचं जावाचं पुस्तक मी चाळलं होतं.

त्यातली एक गोष्ट मला लगेच पटली. माहिती आणि ती हाताळण्याचं काम एकाच ऑब्जेक्टकडे. बाहेरच्याने आत हात घालायचा नाही, ठरलेल्या वाटेने मागायचं. अहो, ही तर आमची खिडकी! अर्ज द्या, पावती घ्या. आत आवक-जावक हाताने लिहितात की संगणकावर, अर्जदाराला काय त्याचं?

"आणि फाइल अडली तर?" मुलगा हसला. "कुठं अडली ते बाहेर कळतच नाही. आम्हालाही चूक शोधायला दहा खिडक्या पालथ्या घालाव्या लागतात."

यावर मी काय बोलणार!

मग मी वारशाकडे वळलो. 1967 साली नॉर्वेच्या डाल आणि न्युगार्ड यांनी सिम्युला 67 या भाषेत ही सोय आणली. सामाईक ते मूळ क्लासमध्ये एकदाच लिहायचं, खालच्यांनी वारशाने घ्यायचं. किती श्रम वाचतात!

"बाबा, वर बघा," तो म्हणाला. वर छत. पश्चिमेकडे तीन वर्षं गळतंय. एक-चौदाच्या उताऱ्यावर सतरा नावं, सगळ्यांची संमती झाल्याशिवाय वासाही बदलता येत नाही. "वारशाचं असंच. हवा असतो एक गुण, पण गळतीही गळ्यात पडते. वरची एक ओळ बदलली की खालचे सगळे हलतात." म्हणूनच 'डिझाइन पॅटर्न्स' या 1994च्या पुस्तकाने वारशापेक्षा सुटे भाग जोडून घेण्याचा सल्ला दिला, आणि 2009 साली आलेल्या गो भाषेत तर क्लासचा वारसाच नाही, असं त्याने सांगितलं. "ही माटोळी बघा. नारळ, सुपारीचा घड, चिबूड, आंबाडे, प्रत्येकाची दोरी वेगळी. एक कुजलं तर तेवढंच काढायचं."

"पण चौकट टांगलीस कुठं? त्याच छताला ना?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "घर नको असं नाही, बाबा. सतरा सह्यांचं नको."

ते मात्र मनाला लागलं. खिडकीवर रोज दुसऱ्यांचे अर्ज घेणारा मी, घरचा कागद तीन वर्षं केला नव्हता.

चवथीला सगळे जमलेच होते. जेवणं झाल्यावर छताच्या दुरुस्तीचं संमतिपत्र लिहून पुढे ठेवलं. सतरापैकी अकरा सह्या झाल्या.

वादात जिंकलं कोण ते राहू दे. उरलेल्या सहाजणांना पत्रं टाकायची आहेत.