अष्टकोनी

क्वांटमला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. हा अष्टकोनी गडी मध्यबिंदूतून फुगतो, आवळतो, पुन्हा फुगतो. झगझगीत रंगांची वलयं एकमेकांच्या पोटातून बाहेर येत राहतात. त्याला चेहरा नाही, त्यात गोष्ट नाही, शेवटही नाही. मुळात ते एक छोटंसं जीआयएफ. 2014 साली टम्बलरवर असली हलती चित्रं पैशाला पासरी होती. कुणी काढलं हे न विचारता लोक उचलत आणि पुढे ढकलत. क्वांटम देखणा आहे, नाही असं नाही. पण लाखो डॉलर ओवाळून टाकावेत असं त्याच्या रूपात मला तरी काही दिसत नाही. त्याची सगळी पत आहे ती नावामागच्या नोंदीत.

ती नोंद केली केविन मॅकॉय यांनी. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणारे, पत्नी जेनिफर यांच्याबरोबर जोडीनं काम करणारे कलावंत. मे 2014 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियममध्ये ‘सेव्हन ऑन सेव्हन’ हा कार्यक्रम होता. एका कलावंताची एका तंत्रज्ञाशी गाठ घालून द्यायची आणि त्यांनी थोडक्या वेळात काहीतरी नवं करून दाखवायचं, असा त्याचा प्रकार. मॅकॉय यांच्या जोडीला होते अनिल डॅश. चित्राच्या हव्या तितक्या नकला निघोत, पण अस्सल कुणाचं हे कुठंतरी पक्कं लिहिलेलं असावं, एवढीच दोघांची मागणी. त्यासाठी त्यांनी नामकॉइन नावाची ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली नोंदवही, वापरली. ती होती संकेतस्थळांची नावं नोंदवण्यासाठी. चित्रांशी तिचा काही संबंध नव्हता.

मंचावर मात्र विकला गेला तो क्वांटम नव्हे. मॅकॉय यांनी जेनिफर यांची एक व्हिडिओ क्लिप नोंदवली आणि ती डॅश यांना तिथल्या तिथं विकली. किंमत चार डॉलर, कारण डॅश यांच्या पाकिटात तेवढेच होते. या प्रकाराला दोघांनी ‘मोनेटाइज्ड ग्राफिक्स’ असं नाव दिलं, तेव्हा प्रेक्षक हसले. ब्लॉकचेनवरच्या अशा मालकीनोंदीला एनएफटी हे नाव रुळायला अजून काही वर्षं होती.

घाईत एक गोष्ट राहून गेली. चित्र ब्लॉकचेनमध्ये मावणारं नव्हतं, म्हणून नोंदीत चित्राऐवजी त्याचा पत्ता घातला. जोडीला फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधला एक ठिपका बदलला तरी पार बदलून जाणारी अक्षरं-आकड्यांची ओळ. पुढे आलेल्या बहुतेक बाजारांनीही हीच पळवाट धरली. क्वांटमच्या नोंदीत आणखी एक वाक्य होतं: ही नोंद ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे मालकी. लिहिताना ते किती निरागस वाटलं असेल!

कारण नामकॉइनवरची नोंद कायमची नसते. 36,000 ब्लॉक झाले, म्हणजे साधारण आठ महिने, की ती नवी करावी लागते. क्वांटमची कुणी केली नाही. नोंद मुदतबाह्य झाली; जीआयएफ आपलं फुगत-आवळत राहिलं.

मग मार्च 2021 मध्ये बीपल या कलावंताचं डिजिटल कोलाज क्रिस्टीजच्या लिलावात 6 कोटी 93 लाख डॉलरना गेलं आणि जो तो या नव्या घराण्याचा मूळपुरुष शोधू लागला. क्वांटमचं नाव पुढे आलं. एप्रिलमध्ये कुणीतरी जुनी सुटलेली नोंद आपल्याकडे घेतली. मे महिन्यात मॅकॉय यांनी क्वांटमची इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनवर नव्यानं नोंद केली आणि जूनमध्ये सदबीजनं त्याचा लिलाव पुकारला: 14 लाख 72 हजार डॉलर. त्याच लिलावात क्रिप्टोपंक या एनएफटी मालिकेतला मास्क लावलेला एक ठोकळेबाज चेहरा एक कोटी 17 लाखांवर गेला. ज्येष्ठतेला बाजारात किती मान असतो, ते यावरून समजावं.

जुनी नोंद घेणारी कॅनडातली कंपनी 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली. वाक्य तर उघड होतं: नोंद आमच्याकडे, म्हणजे मालकी आमची. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून जमिनीची मालकी सिद्ध होत नाही, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा. तिथंही तसंच झालं. 2023 मध्ये दावा फेटाळला गेला. सदबीजमधली विक्री टिकली, पण म्हणून जुनी नोंद पुसली गेली असं नाही. ब्लॉकचेनवर पुसापुशी चालत नाही.

आता क्वांटमच्या नावानं दोन नोंदी आहेत. इथेरियमवरचीला मुदत नाही. नामकॉइनवरची ज्याला टिकवायची असेल, त्याला आठ महिन्यांच्या आत ती पुन्हा पुन्हा नवी करत राहावं लागतं. क्वांटमला पाहायला मात्र दोघांपैकी कुणाचीच परवानगी लागत नाही.