डोंगरापलीकडची ब्रुअरी

बऱ्याच दिवसांनी खरडतोय. मधल्या काळात फोनवर "तुझी रेल्वे कुठवर आली?" असं विचारणाऱ्या नातेवाईकांना सांगतो की गाडी पोचली. म्हणजे भिंगारच्या आमच्या माडीवरची, चार फूट बाय अडीच फूट प्लायवूडवरची. आणि गावात एक कारखानाही उभा राहिलाय. बीअरचा! त्यावरून घरात जे झालं ते लिहायला बसलोय, पण आधी थोडी तांत्रिक बडबड करणार आहे. कंटाळा आला तर खाली उडी मारा, राग नाही.

माझा लेआउट एन स्केलचा, म्हणजे १:१६०. दोन रुळांत ९ मिलिमीटर अंतर. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे हिशोबाने साडेदहा मिलिमीटर यायला हवं. जाणकार तेवढ्यावरून नाक मुरडतात, मुरडू देत. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. ते पाहिल्यापासून मला हे खूळ लागलं. तिथलं सगळं एचओ स्केलमध्ये, १:८७. तेवढी जागा माझ्याकडे नाही.

तर नुसती गोल फिरणारी गाडी पंधरा मिनिटांत कंटाळवाणी होते. गाडीला काम लागतं. काम म्हणजे कारखाना, आणि कारखान्यांत ब्रुअरी हा मॉडेलवाल्यांचा लाडका कारखाना. कारण साधं आहे. तिला नाना तऱ्हेचा माल लागतो. बार्ली येते, बॉयलरला कोळसा येतो, रिकाम्या बाटल्या येतात, आणि भरलेल्या बाटल्या, पिंपं बाहेर जातात. शिवाय रस काढून उरलेला बार्लीचा चोथा गुरांच्या खाद्याला जातो. एका छोट्या सायडिंगवर चार प्रकारच्या वाघिणी आणायच्या, कुठली कुठे लावायची ते ठरवायचं, सांधा बदलायचा, इंजिन मागे घ्यायचं... संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

हे किट मला न्यू जर्सीच्या चुलतभावाने पाठवलं. लाल विटांची चार मजली इमारत, वर मोठी चिमणी. नगर जिल्ह्यात असलं काही शोभेल का, हा पहिला प्रश्न. आपला जिल्हा साखरेचा. सहकारी साखर कारखान्याची सुरुवातच १९५० मध्ये प्रवरेकाठी लोणीला झाली. मळी, तिच्यापासून अल्कोहोल, हे इथलं ओळखीचं गणित. बीअरचं तसं नाही. ती धान्याची. बार्ली भिजवून मोड आणायचे, वाळवायची, भरडून गरम पाण्यात मुरवायची, मग तो गोड रस हॉप्स घालून उकळायचा, थंड करून यीस्ट घालायचं. ऊर्ध्वपातन नाही, म्हणजे भट्टी नाही. (हा मुद्दा पुढे घरच्या भांडणात फार उपयोगी पडला नाही.)

दुसरा प्रश्न काळाचा. मी आधी १९५५ साल ठरवलं होतं, वाफेच्या इंजिनांच्या प्रेमापोटी. पण त्या वर्षी मुंबई राज्यात दारूबंदी होती! परवाने मिळून ती सैल झाली ती साठच्या दशकात. म्हणून माझा लेआउट वीस वर्षं पुढे आणला, १९७५ ला. वाफेची इंजिनं तेव्हाही होतीच, आणि मुख्य म्हणजे तेव्हा रेल्वे एकेक-दोनदोन वाघिणींचा फुटकळ माल घेत होती. ऐंशीच्या दशकात रेल्वेचा सगळा भर एकाच मालाच्या अख्ख्या रेकवर गेला आणि असली चिमुकली सायडिंग्ज गवतात बुडाली. दौंड-मनमाड लाइन १८७८ ची. एवढ्या काळात तिने काय काय वाहिलं असेल.

भारतात रेल्वेला चिकटलेली ब्रुअरी आहे का, तर आहे, आणि झकास आहे. कालका-सिमला लाइनवर 'सोलन ब्रुअरी' नावाचं स्टेशनच आहे. दुसरीकडे कुठे दारूच्या कारखान्याच्या नावाचं स्टेशन असेल तर मला जरूर कळवा. एडवर्ड डायर नावाच्या साहेबाने १८५५ च्या सुमारास कसौलीला ब्रुअरी काढली, मग ती चांगल्या पाण्यासाठी सोलनला आली. हा डायर म्हणजे जालियनवाला बागवाल्या जनरल डायरचा बाप. लाइन आली १९०३ मध्ये. त्याच कंपनीची पुढे मोहन मीकिन झाली आणि १९५४ मध्ये तिने ओल्ड मंक बाजारात आणली. भिंगारमध्ये ओल्ड मंक कुणाला समजावून सांगायची गरज नाही. छावणीचं गाव, कॅन्टीनचा कोटा घरोघरी माहीत.

आणि इथेच गाडी अडली.

खोक्यावरचं चित्र पाहून आईने विचारलं, "हे कसलं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या घरात दारूची फॅक्टरी नको." एवढंच. आवाज न चढवता. मी बीअर आणि भट्टी यांतला फरक सांगू लागलो तर ती ताट घ्यायला आत गेली.

नातेवाईकांना कारण माहीत आहे, इतरांना सांगतो. माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, नगर स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होता. मला रेल्वेचं वेड लावणारा तोच. सुट्टीत सायकलच्या दांडीवर बसवून भिंगारहून धक्क्यावर न्यायचा. वाघिणीवर खडूने लिहिलेलं कसं वाचायचं, कागदी लेबलवर कुठून कुठे लिहितात, सील कसं तपासतात, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. शंटिंग करताना वाघिणी एकमेकींना भिडल्या की तो आवाजावरून सांगायचा, भरलेली की रिकामी. एकदाही चुकलेला मला आठवत नाही.

तो प्यायचा. आधी संध्याकाळी, मग दुपारपासून. कोट्यातल्या बाटल्या कोण कोण आणून द्यायचं, याची यादी आईकडे अजून तोंडपाठ आहे. १९९१ मध्ये गेला, लिव्हरने. वय बेचाळीस. मी तेव्हा कॉलेजात होतो. दवाखान्यात त्याच्या उशाशी आई अकरा दिवस बसली होती.

बायकोने तोडगा सुचवला, पाटी बदल आणि साखर कारखाना म्हण. ऐकायला बरं आहे, पण मला पटलं नाही. एक तर बार्लीची कोठारं आणि ती इमारत साखर कारखान्यासारखी दिसतच नाही, उसाच्या बैलगाड्या उभ्या राहणार कुठे? दुसरं म्हणजे आईला खरं माहीत असताना पाटीवर खोटं लिहायचं, हे मला तिच्या नकारापेक्षा वाईट वाटलं. किट तीन महिने कपाटावर पडून राहिलं.

मग श्रावणात एके दुपारी आई स्वतःच माडीवर आली. गुडघे दुखतात म्हणून ती हल्ली वर येत नाही. म्हणाली, "चालवून दाखव." मी मालगाडी फिरवली. ती स्टेशनजवळच्या पत्र्याच्या शेडकडे बघत होती. "हा मालधक्का?" "हो." "आणि हे घर?" शेडमागे दोन खोल्यांचं कौलारू क्वार्टर केलंय, पुढे दोरीवर वाळत घातलेला शर्ट. मी उत्तर दिलं नाही, तिला लागलंही नाही.

बराच वेळ बसली. उठताना म्हणाली, "कर तुला काय करायचंय ते. पण याच्या दारातून ती दिसायला नको."

लेआउटच्या मधोमध थर्माकोलचा डोंगर आहे, चांदबीबी महालाच्या टेकडीसारखा. ब्रुअरी आता त्याच्या पलीकडे. त्यासाठी सायडिंगचा सांधा उचलून दुसऱ्या बाजूला न्यावा लागला, आणि तिकडे तो उलट्या दिशेने उघडतो. म्हणजे इंजिनाने वाघिणी सरळ ढकलत नेता येत नाहीत. आधी मालधक्क्यावर थांबायचं, इंजिन सोडवून वळसा घालून दुसऱ्या टोकाला जोडायचं, मग डोंगराला फेरी. एका फेरीला सात मिनिटं जास्त लागतात. प्रत्येक वाघीण आता मामाच्या धक्क्यावर थांबूनच पुढे जाते. बार्लीची वाघीण मात्र त्या सांध्यावर दर तिसऱ्या खेपेला रुळावरून उतरते. बहुतेक चाकांमधलं अंतर कमी पडतंय. रविवारी मोजून बघतो.